जंगलाच्या सर्टिफिकेटमध्ये "लोकांचा सहभाग" असतो म्हणजे नेमकं काय असतं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कामामुळे सध्या शाश्वत वन व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेशनचे ऑडिट रिपोर्ट वाचायला लागतायत, मुख्यतः एफएससीचे, थोडे पीईएफसीचे (जंगल नीट सांभाळलं जातंय असा शिक्का देणाऱ्या या दोन आंतरराष्ट्रीय व्यवस्था). त्यांचा जाहीर सारांश नेटवर असतो ना, ते. झाडांचा भाग समजतो. किती तोडली, किती वाढली, ओढ्याच्या कडेला किती पट्टा सोडला, धूप किती होतेय, तिथे आकडे असतात, नकाशे असतात. पण "स्थानिक समुदायाचा सहभाग" हा भाग आला की सगळे रिपोर्ट एकमेकांची कॉपी वाटतात. "स्थानिक लोकांशी सल्लामसलत करण्यात आली, गंभीर हरकत आढळली नाही." संपलं. कोण लोक, त्यांना काय विचारलं, ते काय म्हणाले, काही पत्ता नाही.

तर प्रश्न असा की हा सहभाग खरंच काही करतो का? म्हणजे लोक नाही म्हणाले तर तोडणी थांबते का, की मीटिंग झाली, हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, फोटो निघाले की झाला सहभाग? आणि समुदाय म्हणजे तरी कोण धरायचं, जंगलाला लागून राहणारे की वर्षातून काही महिनेच गुरं घेऊन येणारे पण? दुसरं म्हणजे काही ठिकाणी जंगल गावाच्याच ताब्यात असतं आणि सर्टिफिकेटही गावाच्याच नावावर असतं असं वाचलं, मग त्यातले बरेच जण काही वर्षांनी ते सोडून का देतात?

ऑफिसमध्ये विचारलं तर एकजण म्हणाला हे सगळं लेबल विकायला असतं, फार डोकं लावू नकोस. पण मला डोकं लावायचंय.


फिल्डबुक:

विषय चांगला घेतलात. मी काही वर्षं ऑडिट टीममध्ये सामाजिक बाजू बघायचो, आता ते काम करत नाही, त्यामुळे मोकळं लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी रचना, थोडक्यात. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांबद्दल बंधनकारक करार काही होऊ शकला नाही, मग १९९३ मध्ये पर्यावरणवाले, लाकूड व्यापारातले लोक आणि सामाजिक संघटना यांनी मिळून एफएससी काढलं. त्यांच्या सभासदांचे अजूनही तीन कक्ष आहेत, आर्थिक, पर्यावरण आणि सामाजिक, तिघांच्या मताला वजन सारखं, आणि प्रत्येक कक्षात परत श्रीमंत उत्तरेकडचे देश आणि दक्षिणेकडचे देश अशी निम्मी निम्मी वाटणी. म्हणजे नियम बनवताना तरी कंपन्यांना एकट्याने रेटता येत नाही. एकूण १० तत्त्वं आहेत. तिसरं मूलनिवासी लोकांच्या हक्कांचं, चौथं स्थानिक समुदायाशी असलेल्या संबंधांचं. बहुतेक घोळ इथेच होतो, कारण या दोन्हींमध्ये सल्लामसलत पण आहे आणि संमती पण आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात.

सल्लामसलत म्हणजे तुमचं म्हणणं ऐकलं, लिहून घेतलं, त्यावर काय केलं ते तुम्हाला कळवलं. संमती म्हणजे कुणी दबाव न आणता, काम सुरू व्हायच्या आधी, सगळी माहिती समोर ठेवून तुम्ही हो म्हणालात, आणि नाही म्हणायची सोय खरोखर होती. ही दुसरी गोष्ट कधी लागते, तर त्या जमिनीवर किंवा जंगलावर तुमचा कायद्याने किंवा वहिवाटीने हक्क असेल आणि कामामुळे त्याला धक्का लागणार असेल तेव्हा. नुसते शेजारी असाल तर संमती लागत नाही, मग तिथे नुकसान टाळणं, तंटा सोडवायची काहीतरी पद्धत ठेवणं, भरपाई देणं, रोजगारात संधी देणं एवढंच बंधन. तर "नाही म्हणाले तर थांबते का" याचं उत्तर, हक्क असेल तर थांबलीच पाहिजे, शेजार असेल तर थांबेलच असं नाही.

आता यात मेख अशी की वहिवाटीचा हक्क कुठल्याच सरकारी दप्तरात धड नसतो. तो कोण शोधणार? पहिला कच्चा मसुदा कंपनीने नेमलेला सल्लागारच करतो. तो ज्यांना "आसपासचे रहिवासी" म्हणून टाकतो त्यांचं सगळंच पारडं तिथेच हलकं होतं, ऑडिटर पोचायच्या आधीच. म्हणून मी रिपोर्टमध्ये पहिल्यांदा हे बघायचो की हक्कदार कोण आणि बाकी संबंधित कोण, ही यादी कशी बनवली, आणि यादीत कुणी नंतर वाढलं का. नंतर कुणीच वाढलं नसेल तर समजायचं की कुणी शोधायलाच गेलं नाही.

फिल्डवर काय होतं ते सांगतो. मुख्य ऑडिटच्या किमान सहा आठवडे आधी संबंधितांना कळवायचा नियम आहे. कळवतात, ईमेलने. ज्यांच्याकडे ईमेल आहे त्यांना, म्हणजे संस्था, प्राध्यापक, सरकारी अधिकारी. गावात पोचलो की मीटिंग ठरलेली, पहिल्या रांगेत गावप्रमुख, शाळेचे मास्तर, आणि दाराशी कंपनीचा मॅनेजर उभा. त्याला बाहेर जायला सांगणं हे माझं पहिलं काम असायचं. तो गेला तरी तासभर सगळं छान छान चालतं, शाळेला पत्रे दिले, रस्ता केला. खरं काय ते मीटिंग संपल्यावर कळतं. एका ठिकाणी टीममधली सहकारी पाणवठ्यावर बायकांशी बोलत बसली तर समजलं की लाकूड ओढायच्या नव्या रस्त्याची माती पहिल्या पावसात झऱ्यात येते आणि महिना महिना पाणी पिता येत नाही. मीटिंगमध्ये एकही बाई बोलली नव्हती, बोलायला कुणी विचारलंच नव्हतं. त्या झऱ्यावरून मोठी त्रुटी लागली, मोठ्या त्रुटीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, किरकोळला वर्षभर. मुदतीत दुरुस्ती नाही झाली तर सर्टिफिकेट निलंबित होऊ शकतं. रस्ता वळवला त्यांनी. कुरकुर केली पण वळवला.

त्यामुळे माझं मत विचाराल तर फरक पडतो. पण तो मीटिंगने पडत नाही. लोकांच्या बोलण्याने तोडणीच्या प्लॅनमध्ये, नकाशावर, रस्त्यात काही हललं का, तेवढंच बघा. काहीच हललं नसेल तर सहभाग झालेला नाही, मग हजेरीचा कागद पाच पानी का असेना.


शंकासूर:

फिल्डबुक साहेब, लिहिलंत छान, पण ऑडिटरचं बिल कोण भरतं ते सांगायचं राहिलं की सोयीने राहिलं? 😀

ज्याची तपासणी करायची तोच तपासनीस निवडणार, तोच पैसे देणार, आवडला नाही तर पुढच्या पाच वर्षांच्या सर्टिफिकेटला दुसरा निवडणार. आणि तक्रार करायची तर आधी कंपनीकडे, मग सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे, मग त्या संस्थेवर देखरेख करणाऱ्या एएसआयकडे. या तीन पायऱ्या चढायला ज्या भाषेतले फॉर्म आणि जो वेळ लागतो तो जंगलात राहणाऱ्या माणसाकडे असतो का? एखादी शहरातली संघटना मागे असली तरच प्रकरण वर जातं, नाहीतर तिथल्या तिथे जिरतं. झरा तुम्हाला सापडला कारण तुमची सहकारी तिथे बसली. ती बसली नसती तर रिपोर्टमध्ये काय आलं असतं? "गंभीर हरकत आढळली नाही." म्हणजे धागाकर्तीने वाचलं तेच.

आणि अजून एक. मूळ नियम असा होता की १९९४ नंतर नैसर्गिक जंगल साफ करून लावलेल्या लागवडीला सर्टिफिकेट नाही (काही अपवाद सोडून). २०२२ च्या बालीच्या सर्वसाधारण सभेत ती तारीख सरकवून २०२० च्या अखेरीवर आणली, अट अशी की आधीचं नुकसान भरून द्यायचं, निसर्गाचंही आणि माणसांचंही. ऐकायला बरं आहे. पण ज्या माणसाचं जंगल २५ वर्षांपूर्वी गेलं तो आता कुठल्या शहराच्या कुठल्या वस्तीत आहे हे कोण शोधणार, आणि गावात आज जे राहिलेत त्यातले निम्मे त्याच कंपनीत रोजंदारीवर असतील तर त्यांची संमती "मोकळी" कशी म्हणायची? पोट ज्याच्या हातात त्याला नाही कोण म्हणतो?


फिल्डबुक:

बिलाचा मुद्दा मान्य, तो या सगळ्या व्यवस्थेचा जुना आजार आहे आणि फक्त जंगलाच्या सर्टिफिकेटचा नाही. एएसआय अधूनमधून ऑडिटरसोबत फिल्डवर जाऊन त्याचंच काम तपासते, त्याची भीती असते, पण ती दर वेळी सगळीकडे नसते.

रोजंदारीवाल्यांचं म्हणाल तर तिथे मी गप्प बसतो. आम्ही मुलाखती मॅनेजर नसताना घ्यायचो, नावं गुप्त ठेवायचो, पण दहा घरांच्या वस्तीत कोण काय बोललं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यावर नियमात उपाय नाही.

पण मग तुमच्या मते काय, बंद करायचं का? सर्टिफिकेट नसलेल्या जंगलात तो झरा कुणीच विचारला नसता.


शंकासूर:

बंद करा असं कुठे म्हणालो, लेबलवर विश्वास ठेवून झोपू नका एवढंच म्हणतोय.


वाटाड्या:

तुम्ही दोघं कंपनीच्या जंगलावरच भांडताय, धागाकर्तीने दुसरा प्रश्न पण विचारलाय की जंगल लोकांच्याच हातात असेल तर. तिकडे चित्र पार वेगळं आहे. तिथे "सहभाग" हा शब्दच विचित्र वाटतो, स्वतःच्या घरात कोण सहभागी होतं?

ग्वाटेमालाचं पेतेन घ्या. १९९० मध्ये तिथे माया बायोस्फिअर रिझर्व्ह झालं, २० लाख हेक्टरच्या वर. काही भाग कडक संरक्षित, आणि एका मोठ्या पट्ट्यात १९९४ पासून गावांच्या संघटनांना २५-२५ वर्षांच्या कराराने जंगल वापरायला दिलं. पण सरकारने अट घातली की ठराविक मुदतीत एफएससी सर्टिफिकेट मिळवायचं आणि टिकवायचं, नाहीतर करार धोक्यात. म्हणजे सर्टिफिकेट ऐच्छिक नव्हतं, जंगल हातात राहण्याचीच अट होती. काहींना वाटलं गावांच्या गळ्यात लोढणं टाकलं. झालं असं की कार्मेलिता, उआशाक्तुन अशा गावांनी महोगनी तोडायची ती हेक्टरी अगदी मोजकी झाडं, त्या तुकड्यात परत यायचं ते २५ ते ४० वर्षांनी, बाकी वर्षभर शाते नावाच्या पामची पानं (फुलांच्या सजावटीला परदेशात जातात), शिवाय इतर गौण वनउपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा बाकी माल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आगीवर पाळत. वणव्याच्या महिन्यांत गावचेच लोक गस्त घालतात, त्याचा खर्च लाकडाच्या पैशातून निघतो. शेजारच्या कागदावर पूर्ण संरक्षित असलेल्या लागुना देल तिग्रे पार्कात गुरांचे मळे आणि आगी घुसत गेल्या, आणि जिथे माणसं राहतात आणि झाडं तोडतात ते जंगल उभं राहिलं. उपग्रहाच्या चित्रात सरळ दिसतं.

आता सगळं गोड गोड नाही सांगत. त्याच पट्ट्यातली काही कन्सेशन, म्हणजे जंगल वापरायचे हे करार, रद्द झाली. जिथे लोक नुकतेच बाहेरून शेती आणि गुरांसाठी आले होते, जंगलावर पोट नव्हतं, तिथे जमिनी मळेवाल्यांना विकल्या गेल्या आणि संघटना फुटली. सर्टिफिकेट होतं त्यांच्याकडे पण, त्याने वाचलं नाही. माझ्या मते टिकले ते का टिकले तर पिढ्यान् पिढ्या जंगलातून माल काढायची सवय, २५ वर्षांचा करार हातात, आणि सगळ्यांची मिळून एक शिखर संघटना आकोफोप, जी राजधानीत जाऊन भांडू शकते. पुरातत्त्व अवशेषांसाठी मोठा पर्यटन प्रकल्प आणून कन्सेशनच्या जमिनी घ्यायचा घाट घातला गेला होता तेव्हा तीच आडवी गेली. आणि हो, तिथे सर्टिफिकेट कामाला आलं! आम्ही जंगल नीट सांभाळतो याचा बाहेरच्या माणसाने दिलेला पुरावा सरकारपुढे ठेवता आला. लाकडाला भाव किती जास्त मिळाला त्यापेक्षा मला हा उपयोग मोठा वाटतो.

दुसरं मेक्सिकोतलं ओआहाका. तिथल्या सिएरा नॉर्तेमधल्या सापोतेक गावांच्या सामूहिक जमिनीवरचं जंगल १९५६ मध्ये सरकारने एका कागद कारखान्याला २५ वर्षांसाठी देऊन टाकलं. मालक गाव, तोडणार कारखाना, गावाला मिळणार मजुरी आणि किरकोळ स्वामित्वधन. मुदत संपताना परत वाढवायचा प्रयत्न झाला तेव्हा गावं एकत्र आली, झगडली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जंगल परत घेतलं. मग इक्स्तलान दे हुआरेससारख्या गावांनी स्वतःची आरागिरणी, स्वतःचा फर्निचर कारखाना काढला. एफएससीचं सर्टिफिकेट आलं ते १९९० च्या दशकात, म्हणजे झगडा जिंकून बरीच वर्षं झाल्यावर. हा क्रम बघा. आधी हक्क, मग संघटना, मग धंदा, मग सर्टिफिकेट. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी सर्टिफिकेट आणून त्याच्यामागून हक्क येतील अशी आशा, हे कुठे जमलेलं मी तरी पाहिलं नाही.


रानवाट:

वाटाड्या, हे फार कामाचं, धन्यवाद. म्हणजे माझ्या रिपोर्टमध्ये सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे हे मी आधी बघायला हवं होतं, मी थेट पान ३० वर जात होते.

पण मग इतकं चांगलं चालतं तर बाकीचे गट सोडून का देतात? शिवाय एकूण सर्टिफाइड जंगलात युरोप आणि उत्तर अमेरिकेचाच वाटा मोठा दिसतो, उष्ण कटिबंधातला समुदायाचा वाटा फारच कमी.


हिशेबवाली:

सोडून का देतात याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. मी अशा छोट्या उत्पादक गटांचे हिशेब आणि कागदपत्रं बघते म्हणून लिहिते.

कंपनीचं जंगल लाखभर हेक्टर असलं की ऑडिटचा खर्च हेक्टरी किरकोळ पडतो. गावाचं जंगल काहीशे हेक्टर. ऑडिटर तेच, त्यांचा प्रवास तोच (उलट लांबचा), रिपोर्ट तेवढाच जाड. वर दरवर्षी पाहणी ऑडिट आणि पाच वर्षांनी परत सगळं पहिल्यापासून. हे सगळे धरतात. जे कुणी धरत नाही तो खर्च म्हणजे तयारी. व्यवस्थापन आराखडा लिहायचा, झाडं मोजायची, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींची यादी, नकाशे, कामगारांची सुरक्षा साधनं, तक्रार वही, प्रशिक्षणाच्या नोंदी. गावात जे काम चालत आलंय ते तोंडी चालत आलंय, कोणतं झाड तोडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऑडिटरला कागद लागतो. त्यामुळे गावात एक माणूस कागदाचा तयार करावा लागतो, आणि तो तयार झाला की शहरात नोकरी लागून जातो!

यावर उपाय आहेत. छोट्या किंवा अगदी कमी तोडणी होणाऱ्या जंगलांसाठी एफएससीचे हलके नियम आहेत. गट सर्टिफिकेट असतं, त्यात अनेक गावं एका व्यवस्थापक संस्थेखाली येतात आणि ऑडिटर नमुना म्हणून काहीच गावं तपासतो. टप्प्याटप्प्याने अटी पूर्ण करत जायची सोयही अलीकडे काढलीय. छोट्या आणि सामुदायिक जंगलाच्या मालासाठी वेगळं लेबलही आहे. नेपाळमध्ये २००५ मध्ये सामुदायिक वन वापरकर्त्यांच्या महासंघाला असंच गट सर्टिफिकेट मिळालं, दोलखा आणि बझाङ जिल्ह्यांतल्या वनगटांचं, आणि तेही लाकडासाठी नव्हतं, लोक्ता म्हणजे हातकागदाची साल वगैरे गौण वनउपजासाठी. टांझानियात किल्वा जिल्ह्यातल्या गावांना २००९ मध्ये मिळालं, आफ्रिकेत गावांनी सांभाळलेल्या नैसर्गिक जंगलाचं ते पहिलंच. तिथलं झाड म्हणजे म्पिंगो, ज्याचं काळं लाकूड क्लॅरिनेट आणि ओबोला लागतं. आधी व्यापारी येऊन झाड नेत आणि गावाला नगण्य काहीतरी टेकवत, कारण जंगल गावाचं आहे हे कागदावर कुठे नव्हतंच. तिथल्या २००२ च्या वन कायद्याने गावाला स्वतःचं राखीव वन जाहीर करून त्याचं उत्पन्न ठेवता येतं, ते करून मग सर्टिफिकेट घेतलं. म्हणजे इथेही वाटाड्या म्हणतात तोच क्रम.

पण यातल्या बहुतेकांचा पहिला खर्च कुठल्या ना कुठल्या मदतनिधीने उचललेला असतो. निधी तीन-चार वर्षांचा, सर्टिफिकेट पाच वर्षांचं. निधी संपला की नूतनीकरणाच्या वेळी गाव विचारतं, हे करून आपल्याला नेमकं काय मिळालं? आणि बरेचदा उत्तर असतं की भाव तोच मिळाला. जास्तीचा भाव हे आधी दाखवलेलं गाजर आहे, खरं तर सर्टिफिकेटने मिळतो तो बाजारात शिरकाव, म्हणजे काही खरेदीदार त्याशिवाय माल उचलतच नाहीत. पण असा खरेदीदार ठराविक आकाराचे, ठराविक सुकवलेले, तारखेला कंटेनर भरून मागतो. गावाकडे सुकवायची भट्टी नाही, एका जातीचं तेवढं लाकूड नाही. मग सर्टिफाइड लाकूड शेवटी जवळच्याच बाजारात साध्या भावात जातं आणि लेबल कपाटात राहतं. पेतेनमध्ये टिकलं त्यातही हा भाग आहे, तिथल्या संघटनांनी मिळून फोरेस्कोम नावाची स्वतःची कंपनी काढली, प्रक्रिया, विक्री, गट सर्टिफिकेट सगळं तिच्यामार्फत.

मला कुणी विचारलं की आमच्या गटाने सर्टिफिकेट घ्यावं का, तर मी आधी विचारते, खरेदीदार कोण? नाव सांगा. नाव नसेल तर मी थांबा म्हणते, भले निधी देणारे नाराज झाले तरी.


शंकासूर:

हिशेबवाली ताई, +१००. "नाव सांगा" हे आवडलं.


उत्तरायण:

धागाकर्तीचा "समुदाय कोण" हा प्रश्न राहूनच गेला. वर्षातून काही महिने गुरं घेऊन येणारे धरायचे का असं विचारलंय त्यांनी. स्वीडनमध्ये नेमकं याच्यावरच वर्षानुवर्षं चाललंय.

उत्तर स्वीडनमधले सामी लोक रेनडियर पाळतात. उन्हाळ्यात कळप डोंगरात, हिवाळ्यात खाली जंगलात, आणि हिवाळ्यात रेनडियरचं खाणं म्हणजे लायकेन (आपल्याकडच्या दगडफुलाच्या जातीची), जमिनीवरची आणि जुन्या झाडांवर लोंबणारी. जंगल कंपन्यांचं, सरकारचं किंवा खासगी मालकांचं, पण चराईचा हक्क सामींचा. सरसकट तोडणी, मग लागवडीसाठी जमीन उकरणं, मग दाट वाढणारं परदेशी पाइन, यात लायकेन संपते. तिथल्या एका अभ्यासात लायकेनने भरलेल्या जंगलाचं क्षेत्र साठेक वर्षांत ७० टक्क्यांच्या आसपास घटल्याचं आलंय. आणि वन कायद्यात सामींशी सल्लामसलत सक्तीची आहे ती बारमाही चराईच्या भागात, हिवाळी चराईच्या जंगलात नाही. एफएससीच्या स्वीडिश नियमांनी ती हिवाळी भागातही आणली. म्हणजे कायदा जिथे थांबला त्याच्या पुढे सर्टिफिकेट गेलं. २०२० च्या तिथल्या एफएससी स्टँडर्डमध्ये तर मोठ्या जमीनमालकांना सामी गटांबरोबर बसून पूर्ण प्रदेशाचं नियोजन करावं लागतं, एकेका तुकड्यापुरतं विचारून भागत नाही. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकेक तुकडा विचारला तर प्रत्येक वेळी "एवढ्याने काय होतंय" असंच उत्तर येतं आणि वीस वर्षांनी कळतं की कळपाला जायला सलग वाटच उरली नाही.

पीईएफसीचं थोडं वेगळं आहे. ते १९९९ मध्ये युरोपातल्या छोट्या, घरगुती वनमालकांच्या गरजेतून उभं राहिलं, देशोदेशीच्या स्वतंत्र योजनांना मान्यता देतं. तिथे समुदाय म्हटलं की आधी हे छोटे मालकच डोळ्यासमोर येतात. पिढ्यान् पिढ्या २०-३० हेक्टर सांभाळणारा शेतकरी हाही समुदायच की. पण त्याचा हक्क आणि सामींचा चराईचा हक्क एकाच जंगलात आला की कुणाचं ऐकायचं, तिथे दोन्ही व्यवस्थांची उत्तरं जुळत नाहीत. दोन गट, दोघेही "स्थानिक", आणि सर्टिफिकेट एक.

त्यामुळे फिरते लोक धरायचेच. ऑडिट उन्हाळ्यात झालं तर ते तिथे सापडणारच नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. रिपोर्टवर ऑडिटची तारीख असते, ती बघा.


फिल्डबुक:

तारखेचा मुद्दा एक नंबर, मला सुचला नव्हता.

रानवाट, तुम्ही रिपोर्ट वाचताय तर थोडं मी सांगतो कसं वाचायचं. सारांशात संबंधितांच्या प्रतिक्रियांचा तक्ता असतो, एका बाजूला प्रतिक्रिया, दुसऱ्या बाजूला ऑडिट टीमचं उत्तर. तो रिकामा किंवा नुसत्या कौतुकाचा असेल तर भुवया उंचवा, कारण जिथे माणसं आणि ट्रक एकाच रस्त्याने जातात तिथे तक्रार नाही असं होत नाही. मग त्रुटींची यादी घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या तत्त्वाखाली काय आहे बघा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवा, तीच त्रुटी वेगळ्या शब्दात परत आली असेल तर दुरुस्ती कागदावरच झालीय. उच्च संवर्धन मूल्यांचे, म्हणजे त्या जंगलात खास जपायला हव्यात अशा गोष्टींचे, सहा प्रकार असतात, त्यातला पाचवा लोकांच्या मूलभूत गरजांचा आणि सहावा सांस्कृतिक जागांचा. बहुतेक रिपोर्टात पहिल्या चारांना पानंच्या पानं आणि पाच-सहाला "लागू नाही". ज्या जंगलाच्या कडेला गावं आहेत तिथे "लागू नाही" कसं, हे एक वाक्य ईमेलने सर्टिफिकेट संस्थेला विचारा. कुणीही विचारू शकतं, त्यासाठी तिथलं असावं लागत नाही, आणि आलेल्या मुद्द्याची दखल त्यांना घ्यावी लागते.


रानवाट:

आत्ताच बघितलं. सहापैकी चार रिपोर्टात पाच आणि सहा "लागू नाही". त्यातल्या एकाच्या नकाशात हद्दीला चिकटून तीन वस्त्या दिसतायत.

ईमेल कुणाला करायचा, कंपनीला की सर्टिफिकेट देणाऱ्याला? आणि ऑफिसच्या मेलवरून करू का स्वतःच्या?


शंकासूर:

स्वतःच्या. 😀


फिल्डबुक:

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला करा, पत्ता रिपोर्टच्या पहिल्या पानावर असतो. सर्टिफिकेटचा कोड, पान क्रमांक आणि नकाशाचा तो तुकडा जोडा. तक्रार म्हणू नका, पुढच्या पाहणी ऑडिटसाठी संबंधिताचा मुद्दा म्हणून पाठवतेय असं लिहा. पुढचा रिपोर्ट आला की त्या तक्त्यात तुमची ओळ आली का ते बघा.


हिशेबवाली:

आणि आली की इथे टाका, नाही आली तरी टाका.